विश्रांती = ११

आमच्या डेपोत एकशे अठरा ड्रायव्हर आहेत आणि त्या सगळ्यांची झोप माझ्या टेबलावरून जाते. कुणी किती वाजता गाडी काढायची, किती वाजता आणून लावायची, दुसऱ्या दिवशी परत कधी हजर व्हायचं, तो ड्यूटी चार्ट मी लावते. एकोणीस वर्षं लावतेय. ड्रायव्हर लोक पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात. मला ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे, पण माझ्या खिडकीच्या काचेला कोपऱ्यात भोक आहे आणि माझे कान शाबूत आहेत.

पूर्वी मी चार्ट पेन्सिलीनं लावायचे. महिन्याला चार खोडरबर झिजायचे आणि एक चष्मा. दोन वर्षांपूर्वी माझी लेक रजेवर आली, मला रविवारी जेवणाच्या टेबलावर चार्ट पसरून बसलेली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सोमवारी ती माझ्याबरोबर डेपोत आली आणि माझ्या संगणकावर एक काळी खिडकी बसवून गेली. ती त्याला इंटरप्रिटर म्हणते. मी दुभाष्या म्हणते, कारण मी माझं सांगायचं आणि त्यानं ते मशीनच्या गळी उतरवायचं, असाच व्यवहार आहे.

त्या खिडकीत काही नसतं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. डाव्या कोपऱ्यात एक बाणासारखी खूण लुकलुकत असते, तिला प्रॉम्प्ट म्हणायचं. तिच्यापुढे एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, खाली एक ओळ उत्तर येतं. तेवढंच. 'मी तुम्हाला काय मदत करू' नाही, 'नक्की ना' नाही. एक प्रश्न, एक उत्तर. आमच्या घरात असं बोलणारं माणूस एकही नाही, त्यामुळे मला तो दुभाष्या पहिल्या दिवसापासून आवडला.

"ही फंक्शनल भाषा आहे, आई," लेक म्हणाली. "यात प्रत्येक फंक्शन म्हणजे एक छोटं यंत्र समज. एका बाजूनं काहीतरी घालायचं, दुसऱ्या बाजूनं काहीतरी निघतं. घातलेल्या वस्तूला ते धक्का लावत नाही. आणि एकदा नऊ म्हटलं की नऊ. इथं कुणी शब्द फिरवत नाही."

"म्हणूनच आपल्या घराण्यात ही कुणाला येत नव्हती," मी म्हटलं.

तिनं सगळी फंक्शनं एका फाइलीत लिहून ठेवली. सकाळी काळी खिडकी उघडली की ती फाइल आपोआप वाचली जाते. 'चार्ट' नावाचं फंक्शन ड्यूट्या लावतं आणि 'तपास' नावाचं फंक्शन दोन ड्यूट्यांमध्ये पुरेशी विश्रांती आहे का ते सांगतं. असेल तर 'खरं', नसेल तर 'खोटं'. विश्रांती म्हणजे किती तास, तो आकडाही त्याच फाइलीत वरच्या ओळीत होता: नऊ. "फाइलीत हात घालू नकोस," लेक जाताना बजावून गेली. "काय विचारायचं, काय करून बघायचं ते प्रॉम्प्टवर." मी कुणाचं सहसा ऐकत नाही, पण हे ऐकलं.

या महिन्याच्या एक तारखेला वरून परिपत्रक आलं. दोन ड्यूट्यांमधली विश्रांती यापुढे नऊ नाही, अकरा तास. साहेब, म्हणजे आमचे डेपो मॅनेजर, परिपत्रक हातात धरून माझ्या टेबलाशी आले. स्वतः पंधरा वर्षं स्टिअरिंगवर काढून वर चढलेला माणूस, पण खुर्चीवर बसल्यापासून सतत कसल्यातरी काळजीत. "हे बसवायचं म्हणजे आणखी दहा-बारा ड्रायव्हर मागावे लागतील," ते म्हणाले. "कोण देणार आपल्याला?"

मी खुर्ची ओढली, बाणाच्या पुढे लिहिलं: विश्रांती = ११. एंटर. मग नुसतं 'विश्रांती' लिहून विचारलं. दुभाष्यानं उत्तर दिलं: ११.

"झालं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

चार्ट नेहमीसारखा झटकन आला. एकही ड्रायव्हर जास्तीचा लागला नाही. मला वाटलं, काय गुणी फंक्शन लिहिलंय माझ्या पोरीनं. साहेबांना वाटलं, काय गुणी बाई आहे आपल्याकडे. त्यांनी त्याच दिवशी वर कळवून टाकलं की नवा नियम आहे त्याच माणसांत अमलात आला. मला चहा पाजला. त्यानंतर रोज सकाळी मशीन सुरू केलं की माझं पहिलं काम ठरलेलं: विश्रांती = ११, एंटर, विचारायचं, ११. मग पुढच्या कामाला लागायचं.

आता सबुरीबद्दल सांगायला हवं.

सबुरी हा आमचा बावीस वर्षं जुना ड्रायव्हर. प्रवासी दारात रेटारेटी करायला लागले की तो मागे न बघता "सबुरी, सबुरी" म्हणतो, त्यावरून नाव पडलं. गाडी सावकाश चालवतो, बोलतो सावकाश, सही करायलासुद्धा त्याला अख्खं मिनिट लागतं. माझ्या खिडकीशी आला की ड्यूटीच्या चिठ्ठीवर बोटं मोजत उभा राहायचा आणि मागची रांग खोळंबायची. मी त्याच्यावर किती वेळा खेकसले असेन त्याची गणती नाही. त्याच्यावर आधीचे दोन शेरे होते, दोन्ही उशिराबद्दल. आमच्याकडे तिसरा शेरा पडला की स्टिअरिंग सुटतं. मग गाड्या धुवायच्या, निवृत्तीपर्यंत.

मंगळवारी सकाळी त्यानं आठची गाडी काढायला नकार दिला. "माझी विश्रांती झाली नाही," एवढंच म्हणाला. "पावणेनऊला काढतो." आठची फेरी रद्द झाली, थांब्यांवर लोक ताटकळले, तक्रारी आल्या. साहेबांनी मला विचारलं. मी दुभाष्याला विचारलं. आमच्या चार्टवर फक्त ड्यूटीचे नंबर असतात, वेळा वेगळ्या कार्डांवर, ती मशीनला पाठ. मी त्याच्या सोमवारच्या आणि मंगळवारच्या ड्यूटीचे नंबर 'तपास'मध्ये घातले. उत्तर आलं: खरं. मी त्याची छापील प्रत काढली आणि रिपोर्टवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'विश्रांती नियमानुसार पूर्ण. नकार विनाकारण.' माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते जरा जास्तच चांगलं आलं होतं.

शुक्रवारी चार वाजता साहेबांसमोर त्याची सुनावणी होती. अडीच वाजता तो माझ्या खिडकीशी आला. रांग नव्हती. डबा संपवून मी चष्मा पुसत होते.

"मॅडम, ते तुमचं मशीन एकदा मला दाखवाल का?"

"रिपोर्टला छापील प्रत जोडलीय. खरं म्हणतंय ते."

"ती बघितली. पण ते खरं कशाला म्हणतंय ते मला बघायचंय." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला रागाशी भांडता येतं. "तुम्ही त्याला साधं विचारा. माणसाला रात्री पावणेदहाला सोडलं आणि सकाळी आठला बोलावलं, तर चालेल का?"

त्याला एकदाचं गप्प करावं म्हणून मी त्याला आत बोलावलं, शेजारी स्टूल दिलं. आधी माझा रोजचा प्रश्न: विश्रांती? ११. "बघितलंत?" मग 'तपास' लिहिलं, त्याला नंबरांऐवजी नुसत्या वेळाही चालतात, म्हणून पुढे रात्रीचे पावणेदहा, पुढे सकाळचे आठ, एंटर.

खरं.

"बघा," मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

त्यानं उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि पुटपुटत मोजायला लागला. पावणेदहा ते पावणेअकरा, एक. पावणेबारा, दोन. मी मनात म्हटलं, झालं याचं सुरू. पावणेसातला नऊ. पावणेआठला दहा. आणि पाव. तो थांबला.

"सव्वादहा होतात, मॅडम. अकरा कुठायत?"

चौथीतल्या मुलाला येणारी वजाबाकी. मंगळवारपासून ती मी एकदाही केली नव्हती. दोन कार्डं काढून शेजारी ठेवायची, एवढंच तर करायचं होतं. मी केलं नाही, साहेबांनी केलं नाही. मशीन खरं म्हणत होतं आणि बोटं मोजणारा माणूस आम्हाला कामचुकार वाटला होता.

"तुम्ही एवढं मोजता कशाला?" मी विचारलं. खरं तर मला वेळ हवा होता, पण विचारलं ते मनापासून.

त्यानं स्टुलावर जरा पुढे सरकून, नेहमीच्या सावकाशीनं सांगितलं. सात वर्षांपूर्वी सकाळच्या रिकाम्या फेरीत त्याचा डोळा लागला होता. जागा झाला तेव्हा पुढचं चाक फुटपाथवर होतं. थांब्याच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, चाक त्यांच्या चपलेपासून वीतभर. "ओरडल्या नाहीत हो. पिशवी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, दमलास का रे? मी गाडी मागे घेतली आणि निघालो. कुणाला लागलं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. तेव्हापासून झोप मोजतो. कमी भरली तर गाडी काढत नाही. गाड्या धुवायला लावलं तरी चालेल मला, पण..."

मी त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. माझे कान तापले होते आणि ते त्यानं बघू नये असं मला वाटत होतं.

मग लेकीला फोन लावला. ती कामात होती, पण मी कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून घाबरून तिनं लगेच उचलला. मी सगळं सांगितलं.

"आई, अकरा तू कुठे लिहिलंस?"

"प्रॉम्प्टवर. तूच सांगितलंस ना, फाइलीत हात घालू नकोस म्हणून."

"अरे देवा."

"काय अरे देवा?"

"अगं, इथं जुनी किंमत बदलत नाही. तू प्रॉम्प्टवर अकरा लिहिलंस तेव्हा त्याच नावाची दुसरी विश्रांती तयार झाली. तू विचारलंस की ती नवी उत्तर देते. पण फाइलीतली फंक्शनं आधीच जुनीला धरून बसलीयत. त्यांना नवीचा पत्ताच नाही. ती अजून नऊच बघतायत."

मी समोरच्या भिंतीवरच्या नोटीस बोर्डाकडे बघत होते. आम्ही नवीन परिपत्रक जुन्यावर टाचणीनं लावतो. बोर्डावर नवं दिसतं, पण ड्रायव्हरच्या खिशात जुनंच कार्ड असतं. हे मला एकोणीस वर्षं ठाऊक होतं, आणि तेवीस दिवस मी रोज सकाळी बोर्ड वाचून खूश होत होते.

"माझी चूक आहे, आई. मी सांगायला हवं होतं."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "वजाबाकी मला येते. मला एक सांग, या महिन्यात अकराच्या आत किती जणांना बोलावलं, ते याला कसं विचारू?"

"मी लिहून पाठवते."

"नको. मी लिहिते, तू ऐक."

तिच्या सांगण्यावरून मी आयुष्यातलं पहिलं फंक्शन लिहिलं. दोनदा चुकलं, दुभाष्यानं दोनदा तोंडावर चूक मारली, तिसऱ्यांदा घेतलं. महिन्याचे सगळे चार्ट त्यातून काढले आणि एंटर दाबलं. त्या काळ्या खिडकीत मी आजवर एक ओळ उत्तर बघत आले होते. या वेळी ओळींवर ओळी येत राहिल्या. एक्केचाळीस.

एक्केचाळीस वेळा अपुऱ्या झोपेचा माणूस भरलेल्या गाडीवर. त्यातला एकच नाही म्हणाला आणि त्याच्यावर मी रिपोर्ट लिहिला. बाकीच्या चाळीस वेळा कुणीतरी डोळे चोळत गाडी काढली. यादीत एक नाव सहा वेळा होतं. त्या पोरगेल्या ड्रायव्हरला सगळे जांभई म्हणतात. मागच्या आठवड्यात तो माझ्या खिडकीत तोंड भरून जांभई देत होता, तेव्हा मीच म्हटलं होतं, "घरी मोबाइल कमी बघत जा." रांग हसली होती. मीही हसले होते. आता मला रडू आलं, आणि मी टेबलावर चष्मा काढून ठेवून थोडं रडून घेतलं.

साडेतीन झाले होते. खोटं कशाला बोलू, एक विचार मनात आला. फाइलीत आत्ता नऊचे अकरा करावेत, उद्यापासून सगळं सुरळीत, कुणाला काय कळतंय? साहेबांनी वर कळवलेलं, मी चहा प्यालेला, सगळं आपल्या जागी राहील. बळी जाईल तो एक सबुरी, आणि त्याला तर गाड्या धुवायचंही वाईट वाटणार नाही, असं तोच म्हणाला होता. हा विचार माझ्या मनात पुरती पाच मिनिटं बसून होता, याची मला अजून लाज वाटते. काचेतून बाहेर बाकावर तो दिसत होता. हात मांडीवर, मान ताठ. त्यालाही कळलं असणार की आत मला काय सापडलंय. तरी तो खिडकीशी आला नाही. मी यादी छापली.

चार वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिपोर्ट वाचा."

"रिपोर्ट चुकीचा आहे, साहेब. यांची विश्रांती सव्वादहा तास झाली होती. नियम अकराचा आहे."

"पण मशीननं..."

"मशीनला मी नीट सांगितलं नव्हतं." मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. "महिनाभर चार्ट नऊ तासांनीच लागलाय. म्हणून तर जास्तीची माणसं लागली नाहीत. हे असे एक्केचाळीस."

साहेबांनी यादी वाचली. पहिलं पान, मग दुसरं. पंखा फिरत होता आणि पानं उडू नयेत म्हणून त्यांनी वर हात ठेवला होता, तो हलला नाही.

"मी वर कळवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला माहितीय मी काय कळवलंय."

"माहितीय. माझ्या नावावर शेरा घ्या. खुलासा मी लेखी देते. चूक माझी आहे, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात एवढंच."

ते सबुरीकडे वळले. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

मला वाटलं, आता हा माणूस मला सोलून काढणार, आणि तो त्याचा हक्क होता. सबुरीनं घसा साफ केला. "माझं राहू द्या, साहेब. उद्याचा चार्ट लागलाय. पहाटेच्या गाड्यांवर कोण कोण आहे ते आधी बघायला पाहिजे. ती माणसं आत्ता रस्त्यावर आहेत, रात्री उशिरा सुटणार."

पंधरा वर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या साहेबांना त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी माझा स्वच्छ अक्षरातला रिपोर्ट ओढला, त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहून सही केली. मग फोन जवळ घेतला. "मी शेजारच्या डेपोकडे माणसं मागतो. मिळाली नाहीत तर फेऱ्या रद्द करू, आणि का केल्या तेही कळवू. तुम्ही चार्ट लावा. खुलासा सोमवारी द्या, चांगला लांबलचक द्या."

मी फाइलीत हात घातला. वरच्या ओळीतले नऊ खोडले, अकरा लिहिले, फाइल परत वाचायला लावली. मग पावणेदहा आणि आठ घालून 'तपास'ला विचारलं.

खोटं.

इतकं गोड उत्तर मला त्या दुभाष्यानं दोन वर्षांत दिलं नव्हतं. चार्ट मात्र या वेळी रडतखडत आला, जागोजाग भोकं पडलेला. अकरा फेऱ्यांना माणूसच नव्हता. शेजारच्या डेपोनं चार ड्रायव्हर दिले, सात फेऱ्या रद्द झाल्या. साहेबांनी सातच्या सात स्वतः फळ्यावर लिहिल्या.

सहाच्या पुढे खिडकीशी रांग लागली. सबुरीचा नंबर आला. मी त्याच्या दोन्ही ड्यूट्यांची कार्डं काढून चिठ्ठीशेजारी ठेवली. त्यानं कार्डं बघितली, मग सवयीनं माझ्याकडे, मी आता खेकसणार म्हणून.

"मोजा," मी म्हटलं.

तो मोजायला लागला, पेराला अंगठा लावून, पुटपुटत. खिडकीच्या आत मीही मोजत होते. बोटांवर मोजून मला वर्षं झाली होती, मध्ये एकदा चुकले आणि परत पहिल्यापासून धरावं लागलं. आमचे दोघांचे एकदमच संपले.

"साडेअकरा," तो म्हणाला.

"साडेअकरा."

त्यानं त्याची ती मिनिटभराची सही केली आणि चिठ्ठी खिशात घातली. मागून रांगेत कुणीतरी "सबुरी, सबुरी" म्हणालं आणि तो हसला.

त्याच्या मागे जांभई उभा होता. डोळे लाल, हात चिठ्ठीसाठी पुढे. "मॅडम, माझं मोजू नका, उशीर होतोय."

"उभे राहा," मी म्हटलं आणि त्याची कार्डं काढली. एकेक पेर पुढे सरकत मोजलं, एकदा, मग खात्रीसाठी पुन्हा. "बारा."

"बारा?" त्याला ते खरंच वाटेना. "बारा तास मी काय करू?"

मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण मी बघितलं.

"झोपा," मी म्हटलं.